आत पोकळ, किंमत मात्र भरीव

‘जॅझ गिटार. रेअर पीस. व्हिंटेज लुक. ओन्ली सिरियस बायर्स.’ ही सेकंडहँड गिटारची जाहिरात. खाली तीन फोटो. एक चादरीवर आडवी ठेवून अंधारात काढलेला, एक फक्त हेडस्टॉकवरच्या, म्हणजे मानेच्या टोकावरच्या नावाचा आणि एक मालक गॉगल लावून गिटार मिरवतोय त्याचा. गिटारची जाडी किती, ते एकाही फोटोत दिसत नाही. मेसेज करून विचारलं, “ही पूर्ण हॉलो आहे का सेमी?” उत्तर आलं, “मॅडम, ब्रँडेड आहे.”

अरे, ब्रँड मला वाचता येतो! मी विचारलं काय, तू सांगतोस काय!

माझ्याकडे शिकायला येणारा एक पोरगा पंचवीस हजार साठवून बसलाय. त्याला जॅझ वाजवायचंय, त्यासाठी खरीखुरी हॉलो-बॉडी, म्हणजे आतून पूर्ण पोकळ गिटार हवीय आणि नवीन घ्यायची ऐपत नाही. साधी गोष्ट आहे. त्याच्यासाठी मी सेकंडहँड गिटारी शोधतेय आणि या शोधात माणसांवरचा विश्वास उडत चाललाय. त्यात निम्मे जण आधी विचारतात, “मिस्टरांसाठी का?” नाही हो, मिस्टर कुकरच्या शिट्ट्यासुद्धा ठेक्यात मोजत नाहीत.

पहिला घोळ इथेच. अंगावर इंग्रजी एफच्या आकाराची दोन भोकं दिसली की झाली जॅझ गिटार! गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीने 1958 मध्ये ईएस-335 काढली, तिच्या पोटात मधोमध लाकडाचा ठोकळा घातला. ती सेमी-हॉलो, म्हणजे अर्धी पोकळ. छान गिटार आहे, माझं तिच्याशी वैर नाही. पण पूर्ण पोकळ गिटारचा तो गोल, बुटका, लगेच विरणारा सूर तिच्यात तसा येत नाही. ओळखायला काय लागतं? एफ-होलमधून टॉर्च मारायचा आणि ब्रिजखाली, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याखाली, ठोकळा आहे का ते बघायचं. टॉर्च फोनमध्येच असतो ना? ज्या फोनवरून “सिरियस बायर्स ओन्ली” टाइप केलंत, त्याच फोनमध्ये!

मग किंमत. आयबानेझ कंपनीची आर्टकोर ही गिटारींची मालिका 2002 पासून चालू आहे. नवशिक्याला आणि माझ्यासारख्या बेताच्या कमाईवाल्यांना परवडावी म्हणूनच ती आहे. तिच्यातली एएफ-75 ही पोकळ गिटार, वापरलेली, कडा टवके गेलेली, पट्ट्याचं बटण ढिलं, आणि भाव नव्याला लाजवेल असा. का? “नवीन आता मिळत नाही मॅडम.” हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त चीड येते. दुकानांत स्ट्रॅटच्या आकाराच्या भरीव इलेक्ट्रिक गिटारींच्या रांगा लागलेल्या असतात आणि हॉलो-बॉडी विचारली तर आवाज अँपला पोचवणारा पिकअप बसवलेली अकूस्टिक आणून ठेवतात. ऑर्डर दिली तर महिनोन्‌महिने वाट बघा. ही अडचण विकणाऱ्याला नेमकी ठाऊक असते. गिटारबद्दल बाकी काही ठाऊक नसलं तरी.

आणि ‘व्हिंटेज’च्या नावाखाली किंमत चढवणाऱ्यांनो, गिब्सनच्या ज्या ईएस-175 सारखी दिसते म्हणून तुम्ही भाव लावता, तिची गोष्ट तरी ऐका. ती 1949 मध्ये आली आणि तिच्या नावातला आकडा म्हणजे तेव्हाची तिची किंमत, 175 डॉलर. गिब्सनची एल-5 अख्ख्या लाकडातून कोरून घडवायचे, ती महाग. ही दाबून आकार दिलेल्या प्लायची, म्हणून स्वस्त. ही गिटार मुळातच खिशाला झेपावी म्हणून जन्मली! जॅझ गिटारवादक जिम हॉलने आपली 175 हॉवर्ड रॉबर्ट्स या दुसऱ्या गिटारवादकाकडून घेतली, म्हणजे सेकंडहँडच. पुढे पियानोवादक बिल इव्हान्स आणि सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स या जॅझमधल्या दिग्गजांबरोबर वाजवणारा हाच माणूस. दुसरा मोठा जॅझ गिटारवादक जो पास व्यसनमुक्तीनंतर परत उभा राहत होता, तेव्हा त्याच्याकडे स्वतःची हॉलो-बॉडीच नव्हती. एका चाहत्याने 175 भेट दिली, आणि पुढची कित्येक वर्षं जो पास म्हटलं की तीच गिटार डोळ्यांपुढे येते. एकाची जुनी घेतलेली, दुसऱ्याला मिळालेली. आणि इकडे गिटारी जमवणारा आमचा कलेक्टर सांगतो, “इन्व्हेस्टमेंट आहे.”

वर खोटं कशाबद्दल बोलतात? प्लायबद्दल! “सॉलिड वूड आहे मॅडम, प्लाय नाही.” एफ-होलच्या कडेला तीन थर स्पष्ट दिसताहेत आणि हा शपथा घेतोय. अरे, मला प्लायच हवंय. आपल्याकडे जुलैत दारं फुगतात आणि मेमध्ये पाटाला भेगा जातात. त्या हवेत पातळ कोरलेलं स्प्रूसचं लाकूड सांभाळणं म्हणजे तान्हं बाळ सांभाळणं. प्लाय फारसं हलत नाही, भेगाळत नाही, अँपसमोर शिट्टीही कमी मारतं. तो तुटक, ठुक्‌ठुक्‌ वाजणारा जुना आवाजही त्याचाच.

कल्याणला एक बघायला गेले होते, ती तर डोक्यातून जातच नाही. या गिटारींचा ब्रिज चिकटवलेला नसतो. लाकडाचा तुकडा असतो, तारांच्या दाबावर उभा. पुसायला म्हणून सगळ्या तारा एकदम काढल्या की तो हातात येतो. एक एक तार बदलायची, एवढंच पथ्य. या महाशयांनी सगळ्या काढल्या, ब्रिज पडला, यांना वाटलं तुटला. मग काय केलं असेल? फेव्हिक्विक! तेही अंदाजपंचे, जागा चुकवून. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या पट्टीवर, हार्मोनिक घेतला (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर), मग तीच तार दाबून वाजवली, तर जे दोन सूर सारखे यायला हवेत त्यांचं एकमेकांशी बोलणंच बंद. मी म्हटलं, “हे चिकटवलंय का?” तर म्हणाले, “हो, परमनंट सेटिंग करून घेतलंय.” परमनंट! तो ब्रिज काढायचा तर खालचं पॉलिश सालासारखं निघणार.

वर तारा नऊच्या, म्हणजे सगळ्यात बारीक तार इंचाच्या नऊ हजारांशाची. ज्यावर बाराच्या फ्लॅटवाउंड (चपट्या गुंडाळीच्या जाड तारा), तिसरी तारसुद्धा गुंडाळीची, असा संच हवा, तिथे रॉकवाले धागे. एवढ्या हलक्या तारांचा दाब ब्रिजला पुरतच नाही. जोरात वाजवलं की तो सरकतो. म्हणजे फेव्हिक्विक लावायची वेळ यांनीच आणली होती.

दुसऱ्या एका गिटारीच्या पाठीला चौकोनी भोक. करवतीने पाडलेलं, वर काळी पत्री स्क्रूने ठोकलेली. व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे बटणाखालचा आतला भाग, बिघडला होता म्हणे. या गिटारीत वायरिंग एफ-होलमधून काढतात. पॉटला दोरा बांधायचा, आत सोडायचा, काम झालं की त्याच दोऱ्याने ओढून भोकात बसवायचा. कटकटीचं काम आहे, अर्धा दिवस जातो आणि तोंडात शिव्या येतात, मान्य. म्हणून पाठ कापायची?

बरं, ‘मायनर इश्यू, हमिंग’ लिहिलेल्यांची वेगळी जात. दहा बाय दहाची खोली, अँप समोर, डिस्टॉर्शन फुल्ल, आणि मग “पिकअप खराब आहे, किंकाळी मारते.” मारणारच! पोकळ अंग अँपच्या आवाजाने थरथरतं, पिकअप ती थरथर परत अँपला पाठवतो, आणि चक्र सुरू. व्हॉल्यूम उतरवा, अँपच्या तोंडासमोरून बाजूला व्हा, टोनचं बटण खाली घ्या, आणि मग ऐका काय बोलते ती. माझ्याकडची जुनी आर्टकोर मी रात्री अकरानंतर अँपशिवाय वाजवते. शेजारी उठत नाहीत आणि मला सगळं ऐकू येतं. हे सुख सॉलिड-बॉडीत नाही आणि लाखाची गिटारही लागत नाही त्याला. त्या पोराला एवढंच हवंय हो!

तिकडे वांद्र्याच्या एका कॅफेत भिंतीवर एक टांगलीय. चांगली, पूर्ण हॉलो, दोन तारा शिल्लक, एफ-होलमध्ये प्लास्टिकची वेल खोचलेली. विकणार का विचारलं, तर “सॉरी मॅडम, इंटिरियरचा भाग आहे.” ज्या मुंबईत गोव्याचे वादक रात्री चर्चगेटच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचे आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचे, जिथे 1978 मध्ये जॅझ यात्रा हा जॅझ महोत्सव भरला, त्या मुंबईत हॉलो-बॉडीचा उपयोग हा! वेल चढवायला!

मी मागते तरी काय? बाजूने एक फोटो, एफ-होलमध्ये टॉर्च मारून एक, पाठीचा एक, आणि बाराव्या फ्रेटवरचा दहा सेकंदांचा व्हिडिओ. एवढं मागितलं की माणसं जणू किडनी मागितल्यासारखी गप्प होतात. कालच्याने तर मला ब्लॉकच केलं. आज दुसऱ्या नंबरवरून बघितलं, तर जाहिरातीत दोन हजार वाढवलेत आणि खाली नवी ओळ टाकलीय, “टाइमपास करणाऱ्या लेडीजनी मेसेज करू नये.”