काय करत नाही वो त्यो!

सांगलीत माणूस एकटा फिरायला निघाला, तर गल्लीतली कुत्री त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांच्या लेखी तो दूधवाला, पेपरवाला, किंवा फार तर शुगरवाला. पण त्याच माणसाच्या हातात पट्टा आणि पट्ट्याच्या टोकाला कुत्रं दिसलं, की तो तत्क्षणी अतिक्रमण ठरतो. आणि अतिक्रमण हटवण्याचं काम या जमातीइतक्या तत्परतेनं गावात दुसरं कुणी करत नाही. नोटीस नाही, मुदत नाही, थेट कारवाई.

कारवाईला हद्द मात्र असते. विश्रामबागेतल्या एखाद्या गल्लीत ती डीपीपासून इस्त्रीच्या टपरीपर्यंत असते. टपरी ओलांडली की आत्तापर्यंत आपल्या जिवावर उठलेली तीच कुत्री मान वळवून कान खाजवत बसतात. म्हणजे आपल्याला जिंकायचं नसतं, टपरी ओलांडायची असते. पैलवानांच्या जिल्ह्यात हे गळी उतरवणं अवघड आहे. माघार म्हटलं की इथं हात मिशीकडे जातो. जाऊ दे. मिशी राहते, पोटरी जाते.

तर आधी वेळ आणि वाट. चिकन सिक्स्टीफायचे गाडे बंद होतात तेव्हा, मटणाच्या दुकानांचं मागचं दार उघडतं तेव्हा आणि कचऱ्याची गाडी यायच्या आधी त्या त्या जागी जाऊ नये. तिथं उदरनिर्वाहाचा प्रश्न असतो. पावसाळा सरत आला की माजाचा हंगाम. एका मादीमागे सात-आठ नर रांगेनं चाललेले दिसले, तर आपण रस्ताच बदलायचा; त्या वरातीत आपला कुत्रा आगंतुक नवरदेव ठरतो. मग थंडीत पिल्लं. खडीच्या ढिगामागं, उभ्या ट्रकखाली, बंद दुकानाच्या पायरीशी कुत्री व्यालेली असली, तर ती भुंकण्याची औपचारिकता पाळत नाही. सरळ येते. अशी जागा कळली की महिना-दीड महिना तो रस्ता आपल्यासाठी बंद समजावा.

आता पट्टा. इथं मी कुणाचंही ऐकत नाही. पट्टा पाच-सहा फुटांचा, न ताणणारा, कापडी किंवा चामड्याचा. बटण दाबलं की डबीतून दोरी सुटत जाते, ती चीज फक्त जाहिरातीतल्या हिरवळीवर शोभते. आपल्या रस्त्यावर ती वीस फूट सुटते, तीन स्कूटर आणि एका आजोबांना वेढा घालते, आणि ओढायला जावं तर दोरीनं तळहात सोलून निघतो. डबी हातून निसटली तर आणखी मजा: प्लॅस्टिकचं ते धूड रस्त्यावर खडखडत आपल्या कुत्र्याच्या मागं लागतं, आणि ज्याला वाचवायचं तोच बेफाम पळत सुटतो.

पट्ट्याच्या टोकाच्या कडीकडे कुणी बघत नाही. कुत्रं पाचशे रुपये किलोचं खाणं खातं आणि लटकतं चाळीस रुपयांच्या कडीला. अंगठ्यानं खटका दाबून सोडा. टक्‌ करून मिटला पाहिजे. आळसावून मिटत असेल तर स्प्रिंगमध्ये माती आणि केस अडकलेले असतात. कोमट पाण्यात बुडवून जुन्या टूथब्रशनं घासायचं, वाळवायचं आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. तरी अडखळला तर कडी बदला. मुलामा दिलेल्या ओतीव कडीला बारीक चीर गेलेली वरून कळत नाही आणि झटक्याला ती तुटते. पितळेची किंवा स्टीलची घ्या.

गळपट्टा नाव-नंबर अडकवायला ठेवा, पण पट्टा लावायला हार्नेस, म्हणजे छाती-खांद्यांवरून बांधायचा साज, बरा. झटापटीत गळपट्ट्यानं ओढलं की आपणच आपल्या कुत्र्याचा गळा आवळतो. हार्नेसच्या पाठीवर पकडायला मूठ असेल तर सोन्याहून पिवळं. पट्टी आणि अंग यांच्यात दोन बोटं जातील इतकाच ढिला ठेवा. घाबरलेलं कुत्रं पुढं ओढत नाही, मागं सरकतं, आणि ढिल्या हार्नेसमधून खांदे काढून मोकळं होतं. रिकामा हार्नेस हातात घेऊन भर चौकात उभा असलेला माणूस फार केविलवाणा दिसतो. म्हणून हार्नेस आणि गळपट्टा जोडणारी चार बोटांची पट्टी लावून घ्यावी. कुठलाही चप्पल शिवणारा शिवून देतो. आणि पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही. फास अंगठ्यात अडकवून मूठ मिटायची, म्हणजे वेळ आली तर सोडता येतो.

दुसऱ्या हातात काय, यावर सांगलीत जितकी डोकी तितकी मतं. काठी चालते, पण उगारायची नाही. जमिनीवर आपटायची आणि मधे धरायची. माझं मत छत्रीला. बटण दाबलं की फट्‌कन उघडणारी. समोरच्या कुत्र्याला माणूस एकाएकी तिप्पट झालेला दिसतो, शिवाय आडोसाही होतो. मात्र ती आधी घरात लांबून उघडून, खाऊ देत देत आपल्या कुत्र्याच्या सवयीची करायला हवी. नाहीतर ऐन वेळी छत्री उघडते आणि आपलंच कुत्रं मिरजेच्या दिशेनं निघतं. तिखटाचा स्प्रे नको. वाऱ्याची दिशा बघून फवारण्याइतकी उसंत कुत्रं देत नाही, आणि उलटा आला तर आंधळा माणूस आणि आंधळं कुत्रं अशी यात्रा घरी येते.

खिशात बिस्किटाचे तुकडे असावेत, दहा-बारा. एकटं कुत्रं अंगावर येत असेल तर एक तुकडा हातानं पुढं करायचा नाही. सगळी मूठ त्याच्या पायाशी आणि मागं अशी फेकायची. एक तुकडा ते हवेतल्या हवेत गिळून पुन्हा आपल्याकडे वळतं. विखुरलेले तुकडे हुंगत शोधावे लागतात, नाक खाली जातं, आणि तेवढ्यात आपण दहा-पंधरा पावलं गेलेलो असतो. टोळीपुढं मात्र हा उपाय करू नये, तुकड्यांवरून त्यांच्यातच जुंपते आणि आपण मधे सापडतो. रोज तर अजिबात नको. रोज दिलं की तो हप्ता होतो, आणि हप्ता चुकला की वसुलीला घरापर्यंत येतात.

समोरून येणारं कुत्रं काय मनात धरून येतंय, हे शेपटीवरून ठरवणारे खूप. शेपूट हलतेय म्हणजे लाडात आलंय, हा समज आधी सोडा. अंगासकट लडबडत हलणारी सैल शेपूट वेगळी, आणि ताठ उभी राहून नुसतं टोक थरथरणारी वेगळी. लांबून भुंकत, दोन पावलं पुढं आणि तीन मागं करणारं कुत्रं बहुतेक घाबरलेलं असतं. त्याला जागा दिली की भागतं. मान खाली, नजर रोखलेली, पाठीवरचे केस उभे, तोंड मिटलेलं आणि चाल सरळ, असं जे येतं ते खरं. ‘भुंकणारं कुत्रं चावत नाही’ ही म्हण भुंकणाऱ्या कुत्र्यांनी वाचलेली नाही, पण गप्प येणाऱ्याची भीती जास्त धरावी.

अशा वेळी पळायचं नाही. पळणारी वस्तू धरायची असते, एवढं एकच शास्त्र कुत्र्याला पाठ असतं. थांबायचं, अंग तिरकं करायचं, डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत, आपलं कुत्रं पाठीमागं घ्यायचं. पट्टा आखूड, पण ताणलेला नको. पट्टा ताणला की आपल्या कुत्र्याला वाटतं मालकाचा युद्धाला पाठिंबा आहे. माझ्या कुत्र्याचा आकार लहान आहे आणि स्वतःविषयीचा गैरसमज मोठा, त्यामुळं निम्मी भांडणं आमच्याच बाजूनं सुरू होतात. त्याला उपाय एकच, घरी शिकवलेलं वळण. ‘चल’ म्हटलं की जागच्या जागी उलटं फिरायचं आणि खाऊ मिळवायचा. दिवाणखान्यात, मग जिन्यात, मग गेटपाशी, रोज पाच-दहा वेळा. टोळी समोर आल्यावर हा धडा सुरू करणं म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये पुस्तक उघडणं.

मग जड आवाजात एकदाच ‘हाड!’ म्हणायचं, किंचाळायचं नाही. बारीक आवाजानं कुत्र्यांना चेव येतो. वाकून दगड उचलल्यासारखं केलं तर गल्लीतली बहुतेक कुत्री चार पावलं मागं हटतात. दगड उचलायची गरज नाही, मारायची तर नाहीच; लागलं तर ते आणखी पेटतं, आणि प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध 1960 पासून कायदा आहे. कुत्रं हाताच्या अंतरावर आलं असेल तर वाकूही नये, आपण आपला चेहरा त्याच्या सोयीच्या उंचीवर नेऊन ठेवतो. नंतर तोंड त्याच्याकडे ठेवून तिरकं तिरकं मागं सरकत टपरीकडे जायचं. मधे उभी गाडी, रिक्षा, कुंपण, जे सापडेल ते घ्यायचं.

लहान कुत्रं उचलायचं का? उचलायचं असेल तर टोळी लांब असतानाच, शांतपणे. अंगावर आल्यावर उचललं की समोरची कुत्री उडी मारतात आणि आपला दंड आणि गाल यादीत येतात. त्यापेक्षा जीपच्या बॉनेटवर किंवा उंच कट्ट्यावर चढवावं. जीपवाल्याशी मग बोलता येतं.

ही झाली रस्त्यावरची कुत्री. ती परवडली, त्यांचे कायदे आहेत आणि ती पाळतात. खरी परीक्षा बंगल्याच्या उघड्या गेटातून, पट्ट्याशिवाय, चाळीस किलोंचं प्रेम घेऊन धावत येते. त्याच्या मागं हातात चहाचा कप घेऊन मालक येतात आणि दुरूनच ग्वाही देतात, “काय करत नाही वो त्यो!” हे वाक्य ऐकलं की पहिली दोन पावलं मागं घ्यावीत. या कुत्र्याला वाकून दाखवून उपयोग नसतो; त्यानं आयुष्यात दगड बघितलेला नाही, त्याला वाटतं चेंडू. ‘हाड’ हा शब्द त्याला अपमानास्पद वाटतो, कारण त्याच्याशी घरात इंग्रजीतून बोलतात. हद्दही नाही, कारण सातबारा मालकाच्या नावावर असला तरी रस्ताही आपलाच असा कुटुंबाचा एकमुखी समज असतो. अशा वेळी कुत्र्याशी बोलू नये, मालकाशी बोलावं. “दादा, माझ्या कुत्र्याला खरजेची औषधं चालू आहेत,” एवढं म्हटलं की जे कुत्रं कधीच हाकेला येत नव्हतं, त्याला मालक गळपट्ट्याला धरून आत नेतात. कायद्याचं बोलायचंच झालं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 291 आहे: आपल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून घ्यायची काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शेजाऱ्याला हे तोंडावर सांगण्यापेक्षा खरूज बरी. संबंध टिकतात.

रस्त्यावरच्या कुत्र्यांची तक्रार करायची असेल, तर “इथली कुत्री उचला” असा अर्ज करून उपयोग नाही. 2023 च्या नियमांप्रमाणं नसबंदी आणि रेबीजची लस करून ती बहुतेक जिथून नेली तिथंच आणून सोडतात. म्हणून अर्जात कामाचं लिहावं: जागा, वेळ, किती कुत्री, रंग, आणि कानाला खाच आहे का. खाच असली तर नसबंदी झालेली. नसली तर महापालिकेला नेमकं काम मिळतं. जेवण घालणाऱ्या काकूंशी वैर धरू नये. त्यांच्या हाकेला अख्खी टोळी येते. फिरायच्या वेळी ताटली गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायला त्यांना गोड बोलून राजी करता आलं, तर छत्रीचीही गरज उरत नाही.

एवढं करून जुंपलीच, तर दोन तोंडांच्या मधे हात घालू नये. मालकाचे बहुतेक चावे तिथलेच, आणि पुष्कळदा आपल्याच कुत्र्याचे. पट्टा हिसडून ओढूही नये. दात रुतलेले असतात, कातडी फाटते. बादलीभर पाणी, पत्र्यावर मोठा दणका, तोंडावर टाकलेलं जॅकेट, हे आधी. नाहीच सुटलं तर दोन माणसांनी दोन्ही कुत्र्यांचे मागचे पाय मांड्यांपाशी उचलून, गोल फिरत मागं जायचं. एकट्यानं हे करू नये. एकाचे पाय धरले की दुसरं मोकळं सुटतं.

घरी आल्यावर कुत्र्याच्या अंगावरून केसांच्या उलट हात फिरवून बघा. वर टाचणीएवढं भोक असतं आणि आत कातडी मांसापासून सुटलेली असते. दोन दिवसांनी तिथं पू धरतो. भोक दिसलं की जनावरांचे डॉक्टर, त्याच दिवशी. लस वेळेवर झाली असली तरी रेबीजचा बूस्टर विचारा. दुखतंय म्हणून आपली पॅरासिटामॉल किंवा आयब्रुफेन द्यायची नाही, कुत्र्याला ती विषारी ठरू शकते.

तुम्हाला चावलं असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं. पंधरा म्हणजे पंधरा. घड्याळ लावा, दोन मिनिटांतच माणसाला वाटतं झाली. आणि हळद नको. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, गावाला तिचा अभिमान आहे, तरी चाव्यावर नको. चुना, तिखट, तेलही नको. काही न लावता तसंच सिव्हिलला जायचं. लस त्वचेत देतात ती पहिल्या दिवशी, मग त्या दिवसापासून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही भरावं लागतं. ते डॉक्टरांनी विसरू नये म्हणून आपण विचारावं.

आणि ज्यानं चावा घेतला त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते. चावलं त्या दिवशी त्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू असतील तर दहा दिवसांत ते आजारी पडतं किंवा मरतं. लस त्यासाठी थांबवायची नाही, ती पहिल्या दिवशीच सुरू. दहा दिवसांनी पुढच्या इंजेक्शनांचं डॉक्टर ठरवतात. म्हणजे रोज संध्याकाळी त्याच बंगल्याच्या गेटाशी उभं राहायचं, पोटरीला पट्टी बांधलेली, आणि काळजीनं विचारायचं, “वहिनी, जेवला का आज नीट?” वहिनींचे डोळे भरून येतात. त्याच्यावर इतका जीव लावणारं शेजारात कुणी आहे, हे त्यांना ठाऊकच नसतं.