‘दोन्ही पाय सारखे करा, उडी वाढेल’: या सल्ल्यात गफलत कुठे आहे

व्हॉलीबॉलवाल्यांच्या ग्रुपवर एक सल्ला फिरतोय. एकेका पायावर उडी मारून मोबाइलवर उंची मोजा. फरक १० टक्क्यांच्या वर गेला, तर तुमची स्मॅशची उडी त्यामुळेच अडली आहे आणि गुडघाही जाणार. म्हणून पाय सारखे होईपर्यंत फक्त कमजोर पायाचा व्यायाम करा.

‘१० टक्के ही धोक्याची रेषा.’ एसीएलच्या (गुडघ्यातल्या एका अस्थिबंधाच्या) ऑपरेशननंतर खेळाडू मैदानावर परततो, तेव्हा तो पाय चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के काम करतो का हे बघतात. तिथला आकडा उचलून धडधाकट स्मॅशरला चिकटवलाय.

‘मोबाइलवर मोजा, लगेच कळेल.’ सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. समजा एका पायावर १६ सेंमी उडी आली, दुसऱ्यावर १४. फरक साडेबारा टक्के, म्हणजे घाबरायचं! पण व्हिडिओत उंची हवेतल्या वेळावरून काढतात, तो वेळ बघा: ०.३६ आणि ०.३४ सेकंद. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम असतात, म्हणजे एक फ्रेम ०.०३३ सेकंदाची. मोजताना एक फ्रेम इकडची तिकडे झाली की उंची जवळजवळ ३ सेंमीने चुकते.

मोजायचंच असेल तर २४० फ्रेमचं स्लो मोशन लावा. हात कमरेवर, पाय आलटूनपालटून प्रत्येकी तीन उड्या, मध्ये मिनिटभर विश्रांती. जमिनीला टेकेपर्यंत गुडघा सरळ हवा. हवेत दुमडला की वेळ फुकटचा वाढतो. हवेतल्या सेकंदांचा वर्ग करून १२३ ने गुणा, उंची सेंमीमध्ये मिळेल. एकाच पायाच्या तीन उड्यांत दोन सेंमीचा फरक पडत असेल, तर दोन पायांमधल्या दोन सेंमीवरून काहीच ठरत नाही.

‘फरक म्हणजे दोष.’ उजव्या हाताचा स्मॅशर शेवटची दोन पावलं उजवं-डावं टाकतो. उजवं लांब, टाचेवर; डावं किंचित पुढे, पंजा आत वळवून. दोन पायांची कामंच वेगळी. त्यात बॉल डोक्यामागे गेला की उतरणं बहुतेकदा डाव्या पायावर. लेग प्रेसला (पायांनी वजन ढकलायच्या जिमच्या मशीनवर) उजवा वरचढ आणि उडीला डावा, असंही सर्रास दिसतं. मग कमजोर कुठला म्हणायचा?

‘सारखे केले की उडी वाढते.’ दोन पायांवरची उडी दोघांच्या एकत्रित जोरावर जाते. एकेका पायावर १२-१२ सेंमी उडणारा अगदी समान आहे, १६-१४ वाला नाही. बाकी सगळं सारखं धरलं तर जाळ्यावर कोण उंच दिसेल? चांगला पाय महिनाभर रिकामा ठेवला तर फरक मिटेलही, पण तो पाय खाली येऊन.

त्यापेक्षा बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट (मागचा पाय बाकावर ठेवून पुढच्या पायावर बैठक) आठवड्यातून दोनदा करा. सुरुवात कमजोर पायाने, ६ ते ८ रेपचे (बैठकांचे) तीन सेट, दुसऱ्या पायालाही तेवढेच. फरक खरोखर टिकून असेल तर कमजोर पायाला एक सेट जादा. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा मोजा.

‘गुडघा जाणार.’ नुसत्या टक्केवारीवरून हे भाकीत करता येत नाही. वाटीखालचं दुखणं अनेकदा उड्या एकदम वाढवल्यावर सुरू होतं, आणि जास्त भार घेणारा चांगला पायही दुखू शकतो. मात्र सूज असेल, जुनी दुखापत असेल, किंवा तीन वेगवेगळ्या दिवशी तोच पाय मागे पडून फरक वाढत असेल, तर व्हिडिओ बाजूला ठेवा आणि फिजिओथेरपिस्टकडे जा.