दहा हजार गेम आणि दाजींचं सोयाबीन

तीन दिवसांत तोच मेसेज चौथ्यांदा आला, आणि या वेळी पाठवणारे सेलूचे आमचे दाजी. 'अडीच हजारांत टीव्हीला लावायची गेम स्टिक! 10,000 गेम, फोर-के पिक्चर. जिओने मोबाइलचं केलं तेच आता गेमिंगचं होणार. प्लेस्टेशनवाली सोनी गाशा गुंडाळणार.' हसून सोडून दिलं असतं. पण पाठोपाठ भाच्याचा फोन, "मामा, दहा पीस घ्यायलोत. बसस्टँडजवळ पार्लर टाकायलोत." पैसे कुठले? तर सोयाबीनचे.

आधी ते फोर-के. असल्या स्टिकमधले बरेचसे गेम जुन्या मशीनचे असतात. निन्टेन्डो कंपनीचं फॅमिकॉम हे गेम मशीन 1983 साली जपानात आलं. त्याचं चित्र 256 बाय 240 ठिपक्यांचं. फोर-के म्हणजे 3840 बाय 2160. म्हणजे एका ठिपक्याच्या जागी 135 ठिपके भरायचे आणि त्याला फोर-के म्हणायचं! पासपोर्ट फोटो ताणून फ्लेक्सवर छापला की नाक कुठलं नि मिशी कुठली कळत नाही. वाढदिवसाचे असले फ्लेक्स सेलूच्या चौकात कमी आहेत का, दाजी?

10,000 गेमचंही तसंच. टीव्हीला जोडायच्या डब्याबरोबर '9999 इन 1' लिहिलेली कॅसेट यायची, आठवते का? खरे गेम मोजून वीस-पंचवीस, बाकी नावं बदलून तेच. हे गेमही बहुतेक विनापरवाना कॉपी केलेले. घरात कोणी बघायला येत नाही, पण तासाला पैसे घेऊन खेळवायचे म्हणजे धंदा झाला. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड लिहिलाय. मेसेजमध्ये ही ओळ कशी नाही?

राहिली सोनी. स्वस्त मशीनचा हा प्रयोग होऊन गेलाय, तोही रीतसर. 2012 साली अमेरिकेत 'ऊया' नावाच्या 99 डॉलरच्या कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेम मशीनसाठी, किकस्टार्टर या लोकांकडून पैसे गोळा करायच्या वेबसाइटवर 63 हजारांवर लोकांनी 85 लाख डॉलर भरले. 2013 मध्ये ते दुकानात आलं. 2015 मध्ये त्याचं सॉफ्टवेअर आणि माणसं रेझर कंपनीनं घेतली, 2019 च्या जूनमध्ये सेवाच बंद. मशीन स्वस्त होतं, पण त्यासाठी मशीन घ्यावं असे गेमच नव्हते. सोनीनं तर 2006 मध्ये प्लेस्टेशन 3 स्वतःच तोट्यात विकलं होतं. पैसा डब्यात नसतोच, तो पुढं विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममध्ये असतो. या स्टिकवाल्याकडं पुढं विकायला काय आहे?

जिओचं मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि आपल्याकडचं गेमिंग खरंच बदललं. पण ते झालं मोबाइलवर. सेलूतलं प्रत्येक पोरगं खिशात फोन घेऊन फुकट गेम खेळतंय. ते तुमच्या पार्लरमध्ये तासाला वीस रुपये देऊन ताणलेला मारिओ खेळायला कशाला येईल?

भाच्याला सांगितलंय, एक पीस मागव, आठवडाभर खेळ. बाकी नऊ पिसांचे पैसे ताईकडं ठेव. दाजी, तुमच्याकडं नाही.