‘साठ टक्के अनुदान विद्यापीठेच गिळतात’ या मजकुराबाबत खुलासा

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या, संशोधन अनुदानातील साठ टक्के रक्कम विद्यापीठेच गिळतात आणि फेब्रुवारी २०२५ पासून त्यात कपात लागू झाली, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. अप्रत्यक्ष खर्चाचा, म्हणजे वीज, प्रशासन अशा संस्थेच्या सामायिक खर्चाचा, दर एकूण अनुदानावर नव्हे, तर प्रत्यक्ष खर्चावर, म्हणजे थेट त्या संशोधनासाठी होणाऱ्या खर्चावर, आकारला जातो. १०० डॉलर प्रत्यक्ष खर्चावर ६० टक्के दर लागल्यास एकूण १६० डॉलर होतात आणि त्यातील अप्रत्यक्ष वाटा ३७.५ टक्के ठरतो. शिवाय महागडी उपकरणे व विद्यार्थ्यांचे शिक्षणशुल्क या आकारणीतून वगळलेले असल्याने हा वाटा आणखी खाली येतो. संस्थेच्याच सूचनेनुसार २०२३ मध्ये सुमारे ३५ अब्जांपैकी ९ अब्ज डॉलर अप्रत्यक्ष खर्चात गेले. त्यातून प्रयोगशाळेची वीज, घातक कचऱ्याची विल्हेवाट, हिशेबनिसांचे पगार भागतात. विद्यापीठांसाठी या दरातील प्रशासकीय खर्चाच्या भागावर १९९१ पासून २६ टक्क्यांची मर्यादा आहे, हे मात्र सोयीस्करपणे सांगितले जात नाही.

७ फेब्रुवारी २०२५ च्या सूचनेत हा दर सरसकट १५ टक्के ठरवला होता, हे खरे. परंतु बॉस्टनच्या संघीय न्यायालयाने १० फेब्रुवारीला तात्पुरती आणि एप्रिलमध्ये कायमची मनाई केल्याने, फेब्रुवारीपासूनच कपात लागू झाली हा दावाही टिकत नाही.