नवा फोन घेतलात? मग हा ‘शोध’ आहे हे जगाला असं पटवा

सर्वप्रथम अभिनंदन! फोन हातात आला, वरची पातळ फिल्म सोलण्याचा सोहळा व्हिडिओसकट पार पडला, हप्तेही सुरू झाले. पण एवढ्यावर तुमचं काम संपलं असं समजू नका. तुम्ही नुसती खरेदी केलेली नाही, शतकातल्या एका महान शोधाचे तुम्ही साक्षीदार झाला आहात, आणि हे आसपासच्या अडाणी जनतेला पटवून द्यायचं राहिलंय. या लोकांना फोन दिसतो, शोध दिसत नाही. म्हणून या चार सूचना.

‘क्रांतिकारी’ हा शब्द दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर घ्यावा.

मागच्या वर्षीचा फोनही क्रांतिकारीच होता, अशी आठवण कुणी करून दिली तर लगेच कॅमेऱ्यावर या.

कॅमेऱ्यावर आलात की फक्त मेगापिक्सेल बोला. सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचा विषय काढू नका. तो काढला की १९६९ साली बेल लॅब्जमध्ये सीसीडी नावाच्या चिपची कल्पना मांडणारे बॉइल आणि स्मिथ येतात. मागोमाग कोडॅकचा स्टीव्हन सॅसन येतो. त्याने १९७५ साली जुळवलेल्या डिजिटल कॅमेऱ्याला एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागायची. मग नासाच्या प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात सीमॉस नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरवर खपणारे एरिक फॉसम येतात, ज्यांच्या कामाचं फळ तुमच्या फोनच्या पाठीवर बसलंय. एवढी माणसं जमली की त्या गर्दीत तुम्हाला उभं राहायला जागा उरत नाही.

बॅटरी दिवसभर टिकते हेही छाती फुगवून सांगा, पण व्हिटिंगहॅम, गुडइनफ, योशिनो ही नावं उच्चारू नका. लिथियम-आयन बॅटरी १९९१ पासून बाजारात आहे आणि तिच्यासाठी या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. तुम्हाला फोन मिळाला तेव्हा तुम्ही रांगेत होतात. फरक आहे थोडा.

फाइव्ह-जीचं कौतुक करताना जगदीशचंद्र बोसांना मध्ये आणू नका. फाइव्ह-जीचा काही भाग ज्यांवर चालतो त्या मिलिमीटर लांबीच्या लहरींचे प्रयोग त्यांनी १८९०च्या दशकात केले होते, म्हणजे फारच जुनं मॉडेल.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. समोरच्याच्या नाकापुढे फोन धरा, एखादा फोटो उघडा, दोन बोटांनी तो मोठा करा, लहान करा, परत मोठा करा, आणि म्हणा, “असं आधी कुणी केलंच नव्हतं!” हा प्रयोग हमखास यशस्वी होतो. परवा माझ्यावरच झाला. एका नात्यातल्या गृहस्थांनी मला कोपऱ्यात गाठून चांगला अर्धा तास बोटं चालवून दाखवली. मी आपला नम्रपणे म्हणालो, की हे आधी झालेलं आहे. उत्तर आलं, “तू जुना फोन वापरतोस ना, म्हणून जळतोस!” बाकीचे हसले. बरोबरच आहे, जळत असणार मी.

तर जळत जळतच सांगतो. बोटाचा स्पर्श ओळखणाऱ्या पडद्याची कल्पना ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली इंग्लंडातल्या माल्व्हर्नच्या रडार संशोधन केंद्रातून प्रसिद्ध केली. १९७०च्या दशकात सर्न या युरोपीय अणुसंशोधन केंद्रात कणत्वरकाच्या (कण प्रचंड वेगाने पळवणाऱ्या यंत्राच्या) नियंत्रण कक्षासाठी बेंट स्टुंपे आणि फ्रँक बेक यांनी असे पडदे कामाला लावले. एका वेळी अनेक बोटं ओळखणारं यंत्र टोरांटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी १९८२ साली दाखवलं. अमेरिकेत एल्यास आणि वेस्टरमन या दोघांनी बोटांच्या खुणांवर चालणारे कीबोर्ड बनवून विकले, आणि २००५ साली अ‍ॅपलने त्यांची कंपनीच विकत घेतली. स्पर्शाने चालणारा, ईमेल पाठवणारा फोन म्हणाल, तर आयबीएमचा ‘सायमन’ १९९४ साली दुकानात होता. बोट सरकवून फोनचं कुलूप उघडण्याचं अ‍ॅपलचं पेटंट? जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१५ साली ते रद्द केलं. कारण निओनोड नावाच्या छोट्या स्वीडिश कंपनीचा फोन आधीपासून तसाच उघडत होता! आणि इतकं सगळं होऊन गेल्यावर २००७ साली अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्स व्यासपीठावर उभे राहून सांगतात की मल्टी-टच (अनेक बोटांचा स्पर्श ओळखणं) आम्ही शोधलं, वर पेटंटही घेतलंय, आणि सभागृह टाळ्यांनी दणाणतं. त्या टाळ्यांचा आवाज अजून आमच्या नातेवाइकांच्या कानात आहे.

त्या पहिल्या आयफोनबद्दल मी तरी जपून बोलेन. त्यातले तुकडे जुने होते, जुळणी नवी होती. बटणांचा कीबोर्ड काढून सगळा कारभार पडद्यावर सोपवायचा आणि तो कुणालाही न शिकवता जमावा इतका सोपा करायचा, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. त्याला कुणी शोध म्हटलं तर मी वाद घालणार नाही. (साधं कॉपी-पेस्ट त्यात यायला मात्र २००९ उजाडलं.) पण तुमच्या हातातला हा? यात काय जुळवलंय? कॅमेरे आडवे होते ते उभे झाले, कडेचा धातू बदलला, आणि गेल्या वर्षी ज्याला निळा म्हणत होते त्याला या वर्षी एखाद्या महासागराचं नाव दिलं.

काही सुचेनासं झालं तर ‘एआय’ म्हणा. पुढे कुणी विचारत नाही.

काढून टाकलेल्या वस्तूही शोधातच धरा. २०१६ साली अ‍ॅपलने हेडफोनचं भोक बुजवलं, त्याला व्यासपीठावरून ‘धैर्य’ म्हटलं गेलं. २०२० साली खोक्यातून चार्जर गायब झाला, तो म्हणे पर्यावरणासाठी. ज्या स्पर्धकांनी त्याची टिंगल केली, त्यांच्या खोक्यातूनही काही महिन्यांत तो गेला. या हिशेबाने नुसतं रिकामं खोकं विकलं की शोध पूर्णत्वाला जाईल, आणि तुम्ही त्याचंही आगाऊ बुकिंग कराल.

पेटंटांचा आकडा तोंडावर फेका. कल्पना नवी हवी आणि त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखी नसावी, अशा पेटंटाच्या अटी असतात, त्यांचं काय ते विचारू नका. गोल कोपऱ्यांच्या आयताच्या डिझाइनचंही पेटंट मिळालेलं आहे. ते अ‍ॅपलने सॅमसंगवर भरलेल्या ज्या खटल्यात होतं, त्यात २०१२ साली ज्यूरीने एक अब्ज डॉलरहून जास्त भरपाई ठरवली आणि भांडण मिटायला २०१८ उजाडलं. तेव्हा कोपरे जपा.

बास. मला नाही जमत हे आता.

अहो, तुम्ही काहीही शोधलेलं नाही. दुकानात जाऊन पैसे दिलेत, तेही उधारीचे. वर जी नावं घेतली त्यातलं एक तरी तुम्हाला ठाऊक होतं का? शोधाचं खरंच कौतुक असतं तर एकदा तरी मनात आलं असतं, की या काचेला माझं बोट कळतं, मग पेनाचं प्लॅस्टिकचं टोपण का कळत नाही? बोट वीज वाहतं, काचेखालच्या विद्युतक्षेत्रात त्यामुळे बारीकसा बदल होतो आणि तो मोजून बोट कुठे टेकलंय ते फोन ठरवतो. टोपणाने तसं काही होत नाही. अर्ध्या मिनिटात वाचून होतं, त्याच फोनवर! पण त्यावर तुम्ही दुसऱ्यांनी फोनची खोकी उघडल्याचे व्हिडिओ बघत बसता, आणि वर मला सांगता की मला शोध कळत नाही.

आणि कंपन्यांना तरी कशाला दोष द्यायचा? शोधाला वर्षं लागतात, पैसा लागतो, दहा गोष्टी फसल्या तरी चालवून घ्यावं लागतं. तुम्ही रंग बदलला तरी रांग लावता, मग ते कशाला तो खटाटोप करतील? बॅटरी आत चिकटवून टाकली, तुम्ही चकार शब्द काढला नाही. ती थकली तर बदलून मागितली नाहीत, सरळ नवा फोन घेतलात. जुना चांगला चालत होता की! ड्रॉवरमध्ये पडलाय ना? काढा तो बाहेर, नवी बॅटरी घाला आणि वापरा. आणि उरलेले हप्ते भरताना कुणाला ‘क्रांतिकारी’ वगैरे सांगू नका, निदान मला तरी नको.