बटण घरी मुकं का राहिलं, आणि त्यावर एक लेक्चर का जातं

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. अ‍ॅनिमेट या हलती चित्रं बनवायच्या सॉफ्टवेअरच्या बॅचमध्ये बटणाला आवाज लावायला अख्खं लेक्चर घालवलं, नेटवर तेच पाच मिनिटांत शिकवतात, आणि घरी क्रोममध्ये मेनू उघडला तर बटणावर माउस नेऊनही आवाज नाही; म्हणून फी परत द्या, असं तुम्ही म्हणताय.

आधी घरच्या मेनूचं. तुमची फाइल बिघडलेली नाही आणि शिकवलेलंही चुकीचं नाही. क्रोमनं 2018 मध्ये नियम कडक केला : बघणाऱ्यानं पानावर एकदा तरी क्लिक किंवा टॅप केल्याशिवाय आवाज वाजू द्यायचा नाही. नुसता माउस फिरवलेला त्यात धरत नाहीत. क्लासमधल्या फाइलला पहिल्याच पडद्यावर ‘सुरू करा’ होतं, ते दाबलं की पुढची बटणं बोलायला मोकळी. तुम्ही घरी थेट मेनूच केलात. तिथं आधी कुठंही एकदा क्लिक करा, मग बटणावर माउस न्या. ओव्हरचा, म्हणजे माउस बटणावर आल्यावरचा, आवाज येईल. मोबाइलवर तर माउसच नसतो. म्हणून मुख्य आवाज डाउन फ्रेमवरच, म्हणजे बटण दाबल्यावरच्या चौकटीवरच, ठेवा, असं आम्ही बजावून सांगतो.

नेटवरचे बरेचसे व्हिडिओ फ्लॅशच्या, म्हणजे याच सॉफ्टवेअरच्या जुन्या रूपाच्या, काळातले आहेत. नवा लेयर घ्या, डाउनवर एफ6 दाबा, लायब्ररीतला आवाज स्टेजवर ओढा, सिंक ‘इव्हेंट’ ठेवा. एवढंच करायचं तर पाच मिनिटं पुरतात, हे मान्य. पण ब्राउझरमध्ये ते चालवणारा फ्लॅश प्लेयर 31 डिसेंबर 2020 ला बंद झाला. आता तेच बटण एचटीएमएल5 कॅनव्हासमध्ये, म्हणजे थेट वेबपानावर, ब्राउझरच्या नियमांत चालवावं लागतं.

आणि लेक्चरचा खरा वेळ जातो तो आवाज कापण्यात. त्या दिवशी कडी लावल्याचा आवाज रेकॉर्ड केला होता, आठवत असेल. वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, मोठा करून पाहिला तर सुरुवातीला नुसती सपाट रेघ, ‘खट्’ त्यानंतर. कानाला ती शांतता कळत नाही, बोटाला लगेच कळते : बटण दाबलं आणि आवाज मागून आला, तर लहान मूल ते पुन्हा दाबतं आणि एक पान सोडून पुढं जातं. तुमच्या बॅचमधले अनेक जण शाळांसाठी ई-लर्निंग करणार आहेत. त्या मुलांसाठी हे लेक्चर मला फार मोलाचं वाटतं. ते मी कमी करणार नाही.

पूर्ण झालेल्या बॅचची फी परत देता येणार नाही. पुढच्या बॅचच्या या लेक्चरला मात्र जरूर या, त्याचे पैसे नाहीत. तुमची एफएलए फाइल (मेनू बनवलेली) आणि आवाजाची मूळ वेव्ह फाइल, दोन्ही पेनड्राइव्हवर आणा. तुमच्याच मेनूला समोर बसून पहिला ‘सुरू करा’ पडदा जोडू.