‘पुस्तकी ज्ञान पाजळू नका’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

उन्हाळ्यातही टायरची हवा कमी करू नका, कंपनीने दिलेल्या आकड्याएवढीच ठेवा, असं मी लिहिलं त्यावर एका वाचकांची कॉमेंट आलीय. थोडक्यात अशी: “पुस्तकी ज्ञान पाजळू नका, उन्हाळ्यात हवा दोन-तीन पॉइंट कमीच ठेवायची, नाहीतर टायर फुटतो, हे पंपावरच्या पोरालाही कळतं. आणि स्टेपनी, नायट्रोजन यांवर एक अक्षर नाही.”

आधी भाषेबद्दल. असहमत असा, काही हरकत नाही, पण ‘पाजळू नका’ ही काय बोलायची पद्धत झाली? मी तुम्हाला कधी अरे-तुरे केलं नाही. आणि पुस्तकी म्हणाल तर माझ्या वडिलांचं हडपसरला पंक्चरचं दुकान होतं, शाळेतून आल्यावर मी तिथेच बसायचो, खोललेले टायर हाताळत मोठा झालोय. कमी हवेवर पळालेला टायर कसा दिसतो ते मला कुणी शिकवायची गरज नाही. दोन्ही कडा गोटा आणि मधली नक्षी शाबूत. आत हात घातला की साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, रबराचा काळा भुगा बोटांना लागतो.

तो भुगा कशाने होतो? हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, साइडवॉल सतत वाकतो आणि त्या वाकण्यानेच तापतो. म्हणजे फुटू नये म्हणून तुम्ही जे करताय त्यानेच तो फुटायची शक्यता वाढते, तेही भर मे महिन्यात, एक्सप्रेसवेवर, गाडीत बायकापोरं असताना! मला राग येतो तो ह्याचा.

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर किती हवा ठेवायची ते दिलेलं असतं. तो आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असताना किंवा जेमतेम एक-दोन किलोमीटर चालली असताना. चालून तापल्यावर चार-पाच पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक, तुमचे ‘पॉइंट’ तेच) वाढणार हे कंपनीने आधीच धरलेलं असतं. समजा स्टिकरवर ३३ आहे, घाट चढून आल्यावर फूड मॉलला गेज (हवा मोजायचं यंत्र) ३७ दाखवतोय म्हणून तुम्ही चार काढलेत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात त्याच टायरमध्ये २९ च्या आसपास भरेल. आणि मग म्हणायचं टायर लवकर खाल्ला. हवामानाचाच विचार करायचा तर तो उलट बाजूने करा, साधारण साडेपाच अंश तापमान उतरलं की एक पीएसआय उतरतो, म्हणजे डिसेंबरच्या थंडीत हवा वाढवून घ्यावी लागते.

स्टेपनीबद्दल लिहायला हवं होतं, ते मान्य. ती पण महिन्यातून एकदा बघा, तिची वेगळी हवा असेल तर स्टिकरवरच दिलेली असते. नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच, भरायचा तर भरा, आकडा तोच ठेवायचाय.

बाकी पंपावरच्या पोराला यात ओढू नका, तो बिचारा तुम्ही सांगाल तेवढी भरतो. तुम्ही स्वतः एक गेज घ्या, उद्या सकाळी गाडी हलवायच्या आत चारही टायरना लावा आणि काय आकडे येतात ते इथे लिहा. त्यावर बोलू.